ताटलीतल्या काड्या

माझ्या चुलत दिराला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. गावातल्या बायका मला म्हणतात, भावकीत इतकं धरून बसू नये. मी म्हणते, बसावं. ज्यांचं काही गेलं असेल त्यांनी बसावंच.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, डोंगरात. घरामागं जांभळाची, हिरड्याची झाडं आणि त्यांच्या सावलीत माझ्या वडलांच्या मधपेट्या. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. ते सातेरी माश्या पाळायचे. सातेरी म्हणजे आपली देशी, लहान, शांत माशी. आबा हाताला काही न बांधता पेटीचं झाकण काढायचे आणि आम्हा भावंडांना जवळ उभं करून दाखवायचे, ही मागच्या पायावर पिवळं गाठोडं घेऊन आली ना, तो पराग. हिला वाटतं मी पोरांसाठी खाऊ नेतेय. पण जाता-येता ह्या फुलाचं त्या फुलाला लावून जाते, आणि तिच्या नकळत झाडाचं लग्न लागतं. शेवग्यावर काळा भुंगा येतो, पांगाऱ्याच्या लाल फुलांत शिंजीर चोच घालतो, गवताला आणि मक्याला वारा पुरतो, असं सगळं त्यांनी आम्हाला झाडापाशी उभं करून सांगितलं. पुढं कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा पुस्तकात तेच होतं, फक्त शब्द अवघड होते.

लग्न होऊन मी तासगावकडं आले. सपाट रान, नजर जाईल तिथवर द्राक्षाच्या बागा, औषधाचा वास. आमचे हे फौजेत, वर्षातून दोनदा घरी. मी कांद्याचं बी करायला लागले. कांदा उपटायचा नाही, तो तसाच वाढू द्यायचा, मग त्याला उंच दांडा येतो आणि दांड्यावर पांढऱ्या फुलांचा चेंडूसारखा गोंडा. गोंड्यावर माशी बसली तरच आत काळं बी भरतं, नाहीतर सगळा गोंडा पोचा. पहिल्या वर्षी माझं अर्धं रान पोचं गेलं. आबांना फोनवर सांगितलं तर ते एका सकाळी टेम्पोतून दोन पेट्या घेऊन दारात हजर.

"लोक लेकीला गाय देतात," ते म्हणाले. "मी माशी देतो. गाईपेक्षा कमी खाते."

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. त्या दोन पेट्यांच्या मी वाटण्या करत करत दहा-बारा पेट्या केल्या. प्रत्येक पेटीतल्या माशीची आई, आजी, पणजी आबांच्या हाताखालची. मला त्या पेट्यांशी बोलायची सवय लागली होती. हसायचं त्यांनी हसावं.

आमच्या रानाला लागून चुलत दिराचं रान. मधे एक बांध. त्याची द्राक्षाची बाग आणि बागेच्या टोकाला बेदाण्याची शेड. शेडमध्ये जाळ्यांचे मजले, त्यावर द्राक्षं वाळत घालायची, सुकली की बेदाणा. दीर माझ्या नवऱ्याहून लहान, मला वैनी म्हणायचा, मी त्याला भावजी. गडी कष्टाळू. पण स्वतःच्या पिकाच्या पलीकडं जग आहे हे त्याला कधी पटलं नाही.

"वैनी, माझ्या द्राक्षाला तुमची माशी लागत न्हाई," तो नेहमी म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं. द्राक्षाच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्याचं त्याचं जमून जातं. म्हणून माशी त्याच्या लेखी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे त्रास.

हंगामात फुटलेल्या द्राक्षांचा रस जाळीवरून गळतो. त्या गोडीला माश्या जायच्या, माझ्याही जात असतील. एकदा तासगावच्या व्यापाऱ्यानं दिराच्या मालाचा नमुना हातावर घेतला तर बेदाण्यात एक मेलेली माशी चिकटलेली. व्यापाऱ्यानं चार लोकांसमोर मूठ जमिनीवर झटकली आणि म्हणाला, "बेदाणा विकायचाय का माश्या?" लोक हसले. दीर घरी आला तो तडक माझ्या दारात.

"माश्या आवरा वैनी."

"माशीला दावं कसं बांधू भावजी? शेडला बारीक जाळी मारा, मी निम्मी आणून देते."

"जाळी मी का मारू? माश्या तुमच्या."

त्याच आठवड्यात त्यानं शेडजवळच्या चिंचेवरचं आग्या माश्यांचं पोळं पलिते लावून जाळलं. रानटी माश्या त्या, कोणाच्याच मालकीच्या नव्हत्या. चिंचेखाली जळक्या मेणाचा वास येत होता. मी गप्प बसले. माझी पाळी पुढं आहे हे मला कळलं नाही.

मार्चमधली सकाळ. कांद्याचे गोंडे ऐन भरात होते. मी पेट्यांकडं गेले तर आवाज नाही. दहा-बारा पेट्यांचा मिळून एक घुमारा असतो, कान त्याला इतके सरावतात की तो नसला तर लगेच कळतं. पेट्यांच्या तोंडाशी माश्यांचा खच पडला होता. काही अजून गोल गोल फिरत होत्या, पाठीवर पडून पाय झाडत होत्या. मी खाली बसून एक उचलली. तिची जीभ बाहेर आलेली होती. दुसरीची बघितली, तिसरीची. सगळ्यांच्या जिभा बाहेर. आबांनी सांगितलं होतं, उपाशी मेलेली माशी पोळ्याच्या कप्प्यात डोकं खुपसून मरते, आणि विषानं मेली की जीभ बाहेर येते.

मी बांध ओलांडून शेडकडं गेले. शेडच्या सावलीत ओळीनं स्टीलच्या ताटल्या मांडल्या होत्या. त्यात गुळाचं पाणी. वर द्राक्षावर मारायच्या औषधाचा तोच ओळखीचा उग्र वास. आणि पाण्यावर तरंगत होत्या कडब्याच्या बारीक काड्या.

त्या काड्या बघून माझ्या अंगात आग उठली. माशीला पाण्यावर थेट बसता येत नाही, ती बुडते. म्हणून उन्हाळ्यात मी माझ्या माश्यांसाठी पाणी ठेवते तेव्हा त्यात काड्या टाकते, माशी काडीवर बसते आणि निवांत पिते. ही युक्ती माझ्याच अंगणातनं उचललेली होती. माश्यांना नीट बसून विष पिता यावं, इतका विचार करून ताटल्या मांडल्या होत्या.

दीर शेडमधून बाहेर आला. मी एक ताटली उचलून त्याच्यापुढं धरली.

"हे काय हाय?"

"उंदरं लय झाल्यात, वैनी. उंदरासाठी ठेवलंय."

"उंदीर काडीवर बसून पाणी पितोय व्हय?"

तो हसला. नुसता हसला आणि आत गेला. ते हसू मी अजून विसरले नाही. जीव मारल्याचा राग एका बाजूला, त्या हसण्याचा दुसऱ्या.

मी गावातल्या जाणत्या लोकांकडं गेले. देवळाच्या कट्ट्यावर चौघे बसले होते. मी ताटली आणि ओंजळभर मेलेल्या माश्या त्यांच्यापुढं ठेवल्या. एकानं विचारलं, "आता माशीचा खून झाला म्हणून पंचनामा करायचा का बाई?" बाकीच्यांनी मिशीत हसून घेतलं. ह्यांना फोन केला. तिकडून म्हणाले, "छोड दो. आपलं भाऊबंद हाय. मी आल्यावर बघू." फौजेतला माणूस, सीमेवर उभा राहतो, आणि बांधावर आला की छोड दो.

त्या वर्षी माझे गोंडे पोचे गेले. दोनच पेट्यांत जीव उरला होता. संध्याकाळी माश्या आत गेल्यावर त्यांची तोंडं जाळीनं बंद केली आणि मी त्या माहेरी डोंगरात नेऊन ठेवल्या. तिथल्या रानफुलांवर त्या सुधारल्या, वाढल्या. वर्षभर मी जाऊन-येऊन त्यांच्याकडं बघत होते आणि डोक्यात एकच चालू होतं. ह्याला गरज लागेल. आज ना उद्या ह्याला माशीची गरज लागेल.

माझा जीव असा अडकलेला असतानाच पुढच्या हिवाळ्यात दिरानं जुनी बाग काढली. वेली म्हाताऱ्या झाल्या होत्या. आणि त्या सगळ्या मोकळ्या रानात त्यानं कलिंगड लावलं.

मी बांधावर उभी राहून रोपं बघितली आणि मला खरंच गोड वाटलं. कलिंगडाला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागं बोटाच्या पेराएवढं लवदार कलिंगड आधीच असतं, पण नराचा पराग त्या फुलावर पोहोचला तरच ते वाढतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. पराग जड, चिकट, वाऱ्यानं हलत नाही. फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्या वेळात माशीनं पुन्हा पुन्हा यायला हवं, एका खेपेनं भागत नाही. अर्धवट पराग पडला तर फळ एका बाजूनं वाढतं आणि वाकडं होतं.

चिंचेवरचं पोळं त्यानं जाळलं होतं. माझ्या माश्या त्यानं मारल्या होत्या. आजूबाजूच्या बागांत रोज फवारणी. त्याच्या रानात परागाला हलवणारं कोणीच उरलं नव्हतं.

मी माझ्या वाढलेल्या पेट्या डोंगरातून आणल्या, पण गावात आणल्या नाहीत, त्या वर्षी मी कांद्याचं बीच धरलं नव्हतं. पलूसजवळ एका जैन शेतकऱ्याच्या काकडीत ठेवल्या. सातेरी फार लांब उडत नाही, तिथून एकही माशी इथवर येणार नव्हती. तो शेतकरी आणि त्याची बायको माश्यांसाठी इतकी हळवी की पेट्यांजवळून चालताना चपला काढायची. तेवढं करून मी थांबले नाही. पेट्या भाड्यानं देणारे लोक मला ठाऊक होते. सगळ्यांना फोन केले. माझ्याकडं मेलेल्या माश्यांचे, ताटल्यांचे, काड्यांचे फोटो होते, ते पाठवले. खाली एवढंच लिहिलं की ह्या रानाच्या मालकानं पेट्या मागितल्या तर विचार करा. एकानंही त्याला पेटी दिली नाही. मला हे सांगताना लाज वाटत नाही.

फेब्रुवारी उजाडला. त्याचं रान पिवळ्या फुलांनी भरलं. मी रोज सकाळी बांधावर जायचे. मुंग्या फिरत होत्या, दोन-चार भुंगे यायचे, बस. मादी फुलं उमलायची, मिटायची, आणि मागची लवदार बोंडं पिवळी पडून वाफ्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर गळायची. मी ती गळालेली बघून घरी यायचे आणि चहा करून निवांत प्यायचे.

मग तो आला. ह्यांना आता पेन्शन झाली होती, हे ओट्यावर बसले होते. दीर ह्यांच्याशेजारी बसला, पण बोलला माझ्याकडं बघून.

"वैनी, चार पेट्या ठेवल्या असत्या तर..."

"कुठं?"

"आमच्या रानात."

"ताटल्यांच्या शेजारी का लांब?"

हे म्हणाले, "अगं, झालं ते झालं."

मी म्हटलं, "झालं न्हाई, केलं. कोणी केलं ते देवळाच्या कट्ट्यावर चौघांत सांगू द्या. मग उद्या सकाळी पेट्या आणते."

"उंदरासाठी ठेवलेलं वैनी, आईशपथ," असं म्हणून तो उठून गेला. आईची शपथ खोटी घेतली, तीही आई जिवंत असताना.

दोन दिवसांनी दुपारी त्याची बायको आली. माझी जाऊ. गरीब स्वभावाची, दुसऱ्याच्या घरात बसतानाही पाय आखडून बसणारी. मला वाटलं नवऱ्यानं रदबदलीला पाठवली. मी पाणी दिलं, बस म्हणाले नाही. ती तशीच उभी राहिली.

"अक्का, काड्या मी टाकल्या."

मला कळलंच नाही. "कसल्या काड्या?"

"ताटल्यातल्या." ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं, ऊन लय हाय, माश्यास्नी गुळाचं पाणी ठेवलंय. मला बरं वाटलं. म्हटलं माणूस सुधारला. तुमच्या अंगणात बघितलेलं, तुमी काड्या टाकता. म्हणून कडबा बारीक केला आन् टाकला. बुडू नयेत म्हणून, अक्का. बुडू नयेत म्हणून."

ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. वर्षभर तिनं हे पोटात ठेवलं होतं. माझा राग ज्या काड्यांवर सगळ्यात जास्त होता, त्या ह्या बाईनं मायेनं टाकल्या होत्या. आणि त्याला ते माहीत होतं. तिला टाकताना त्यानं बघितलं होतं, तिनंच सांगितलं. "बघून हसले," म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात धरला. माझा राग कमी झाला नाही, उलट त्याला आता दुसरी धार आली. आधी तो माझा एकटीचा होता.

"तुझ्याकडं काही पाप न्हाई," मी म्हटलं. "आता तुला काय पाहिजे ते बोल."

"पैसा जाऊ दे सगळा, पण माशीवाचून फळ धरायची काय युक्ती हाय का? सासूबाई रोज बोलतात मला, माझ्या पायगुणानं गेलं म्हणतात."

युक्ती आहे, मी तिला सांगितली. आम्ही परसातल्या भोपळ्याच्या वेलापाशी गेलो. नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढून टाकायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलावर हलक्या हातानं सगळीकडून फिरवायचा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, एकेका फुलाला, वाकून. तिनं करून बघितलं. हात तिचा हलका होता.

"पण हे तू करायचं न्हाईस," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग डोळे पुसले. "न्हाई करत," ती म्हणाली. "मी आष्ट्याला जाते, माहेरी. कट्ट्यावर खरं बोलल्याशिवाय परत येत न्हाई म्हणून सांगते."

मी एवढं सुचवलं नव्हतं. हे तिचं तिला सुचलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला फूल कसं फिरवायचं ते एकदा दाखवून ती एसटीनं आष्ट्याला गेली.

गावातल्या सगळ्या बायका त्या दिवसांत द्राक्षतोडीला आणि बेदाण्यावर, कामाला कोणी मिळेना. म्हणून दीर स्वतः रानात उतरला. मी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बांधावर बसले. ह्यांनी मला दोनदा हाक मारली, मी उठले नाही. सहा फुटी माणूस कमरेत वाकून एकेका फुलापाशी जात होता. कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचा, परत वाकायचा. एका माशीचं सकाळचं काम त्याच्यानं आठवड्यात उरकत नव्हतं. आणि त्याला नर-मादी ओळखताच येत नव्हतं. बायकोनं दाखवलेलं तो विसरला होता. नराचं फूल नरावरच घासत होता. मी बघत होते.

शेवटी तो बांधाजवळ आला. हातात दोन फुलं.

"वैनी, ह्यातलं मादीचं कुठलं?"

"माशीला विचारा," मी म्हटलं.

तो तिथंच उभा राहिला. त्याच्या नाकावर, मिशीवर पिवळा पराग लागला होता. मला वाटलं चिडेल, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो फुलं हातात तशीच घेऊन परत सरीत गेला.

थोडीफार फळं धरली. बरीचशी वाकडी, एका अंगाला फुगलेली आणि दुसरीकडं आखडलेली. व्यापारी बांधावरून बघून गेला. दिरानं बहुतेक माल जनावरांना घातला.

उन्हाळा संपत आला तरी जाऊ परतली नाही. मग एका संध्याकाळी दूध डेअरीत, सगळे किटल्या घेऊन उभे असताना, त्यानं सांगितलं. मोठ्यानं नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "व्हय. औषध मी ठेवलं. माश्यांसाठीच ठेवलं. बायकोला ठाऊक नव्हतं." हे तिथं होते, त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. सांगताना ह्यांना वाटलं मी आता निवांत होईन. मी विचारलं, "कसं बोलला? मान खाली होती का? कोण कोण होतं? माझं नाव घेतलं का?" हे म्हणाले, "अगं, बोलला ना."

मी तिथं नव्हते, ह्याचीच मला जास्त चुटपुट लागली. वर्षभर ज्याची वाट बघितली ते मला न दाखवता उरकून टाकलं. कबूल केलं ते बायकोसाठी. माझ्या दारात तो आजवर आलेला नाही.

जाऊ परत आली. येताना तिनं माझ्याकडं एक पेटी मागितली. मी सगळ्यात जोमदार वसाहत निवडली आणि स्वतः नेऊन तिच्या अंगणात, पेरूखाली ठेवून दिली. दिराला घरातून रानात जायचा रस्ता त्या पेरूखालून आहे. तो आता लांबून वळसा घालून, गोठ्याच्या मागनं जातो. जाऊ सांगते, मला हसू येतं.

यंदा त्यानं पुन्हा कलिंगड लावलंय. परवा हे म्हणाले, "ह्या वर्षी तरी ठेव पेट्या त्याच्या रानात. तुझ्या जावेच्या एका पेटीनं काय होणार? कमरेचा पट्टा लावून फिरतोय बिचारा."

मी भाकरी थापत होते. थापून झाली, तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं.

"पट्टा चांगला आवळून बांधा म्हणावं," मी म्हटलं. "फुलं अजून लय उमलायची हायत."